वादी पलीकडे

शनिवारी सकाळी, क्रॉडशॉच्या भर बाजारात, क्लेम ऑर्मरॉडने आपल्या सगळ्यात जुन्या मित्राला झुकांडी दिली. नुसती म्हणण्यापुरती नव्हे, खरीखुरी. समोरून ह्यूबर्ट टॅटर्सॉल येत होता. एका पायात काळा बूट, दुसऱ्यात तपकिरी, डोक्यावर टोपी उलटी, आणि नजर माणसांच्या मधून कुठेतरी. क्लेमचा डावा खांदा आपोआप खाली गेला, आता हा डावीकडून जाणार असं साऱ्या अंगाने सांगितलं, आणि पावलं मात्र उजवीकडे वळून खाटकाच्या दुकानात शिरलीदेखील. त्याने हे ठरवलं नव्हतं. ठरवून ती झुकांडी येतच नसे. उमेदीची सगळी वर्षं, फुटबॉलच्या मैदानावर, तो तिच्यावर जेवला होता, लँकेशायरातल्या कितीतरी आडदांड बचाववाल्यांना तिने चिखलात बसकण मारायला लावली होती, आणि आता पन्नाशी उलटल्यावर, जिना चढताना गुडघे कुरकुरत असताना, ती जशीच्या तशी अंगात शिल्लक निघाली. निघाली ती कोणासाठी, तर ह्यूबर्टसाठी. खाटीक जॉस काचेतून बघत होता. "वा रे पठ्ठ्या!" तो सुरी खाली ठेवून म्हणाला. "अजून तश्शीच आहे की! त्या बिचाऱ्याला कळलंसुद्धा नाही तू कुठून गेलास ते." मग बाहेरचा 'बिचारा' कोण हे त्याच्या ध्यानात आलं, आणि तो ओटा पुसू लागला. पुसायला काही नव्हतं. क्लेमच्या कानांपर्यंत ऊन ऊन काहीतरी चढत गेलं. काहीतरी मागायला हवं म्हणून त्याने पाऊंडभर वजडी मागितली. वजडी त्याला लहानपणापासून आवडत नसे.

पुडकं बांधून होतंय तोच दारावरची घंटा वाजली आणि विनी आत आली. ह्यूबर्टची बायको. हातात पिशवी, डोक्याला रुमाल, आणि चेहरा असा की त्यावर रागावण्याइतकी जागाच उरली नव्हती. तिने रस्त्यावरून सगळं पाहिलं होतं. "तुला हाक मारणार होते, क्लेम," ती म्हणाली, "पण म्हटलं घाईत असशील." या बोलण्यात टोमणा असता तर त्याला बरं वाटलं असतं. टोमणा नव्हता. "आज दुपारी येतोस का रे? मॅचच्या वेळेला ये, तेव्हा गल्ली रिकामी असते. तो काही खात नाहीये. डॉक्टर म्हणतो, असंच राहिलं तर सोमवारी टेकडीवर न्यावं लागेल." टेकडीवर वेड्यांचं इस्पितळ आहे हे क्रॉडशॉत कोणाला सांगावं लागत नाही. तिथे गेलेलं माणूस नाताळला घरी येत नाही. "एक गोष्ट विचारायचीय तुला. मला वाटतं ती तुलाच माहीत असेल." क्लेमने मान डोलावली. बाहेर ह्यूबर्ट फळवाल्याच्या ढिगापुढे उभा होता. एक संत्रं हातात घेऊन तो ते फिरवून फिरवून बघत होता, आणि फळवाला दुसरीकडे बघत होता. विनीने जाऊन नवऱ्याच्या कोपराला धरलं. क्लेम दोघांकडे पाठ करून आपल्या दुकानाकडे चालू लागला, आणि वजडीचं ओलं कागदी पुडकं त्याच्या बोटांना चिकटत राहिलं.

दुकान त्याचं विड्याकाड्यांचं नि वर्तमानपत्रांचं. सिगारेटी, तपकीर, बरण्यांत पेपरमिंट, आणि गल्ल्यामागे भिंतीवर चौकटीत तो फोटो. उजव्या कडेने क्लेम चेंडू मारून नुकताच थांबलेला, एक पाय अजून हवेत. आणि पलीकडे, बचाववाल्यांच्या खांद्यांच्याही वर, ह्यूबर्ट. हात फाकलेले, कपाळ पुढे, आणि डोळे टक्क उघडे. चेंडू डोक्याने मारणाऱ्या माणसाचे डोळे उघडे असलेला दुसरा फोटो त्या काळात सापडणं कठीण. शनिवारी मॅचला जाता जाता माणसं दुकानात शिरत, पाकीट घेत, आणि फोटोकडे बघून उसासा टाकत. आजही एक जण जावयाला घेऊन आला होता. "हा बघ, हाच तो. सांग ना क्लेम याला, वादी कशी पलीकडे ठेवायचास ते." आणि क्लेमने सांगितलं! अर्ध्या तासापूर्वी मित्राला झुकांडी देऊन आलेल्या त्याच माणसाने गल्ल्यावर अंगठा टेकवला, मनगट वळवलं, आणि नेहमीचं वाक्य नेहमीच्या ठसक्यात फेकलं: "बुटाची आतली कड लावायची, अश्शी, की वादी ह्यूबर्टच्या कपाळापासून पलीकडे जायची. माझ्या दोस्ताचं कपाळ, बाबा. त्याची काळजी मी नाही घेणार तर कोण?" जावई हसला. सासरा हसला. ते गेल्यावर क्लेमने अंगठ्याकडे पाहिलं. आपल्या तोंडातून आपल्याला न विचारता हे बाहेर पडतं, आणि ते थांबवायला आपण एकदाही हात वर केला नाही, याची त्याला शिसारी आली.

आताचा चेंडू म्हणजे कौतुकाचं काम. गुळगुळीत, पावसातही हलका. तेव्हाचा चेंडू म्हणजे जाड चामड्याची पिशवी. आत रबरी फुगा सारायचा, हवा भरायची, आणि ज्या फटीतून फुगा आत सारला ती फट चामड्याच्या वादीने करकचून आवळायची. आवळली तरी वादी वर उंचवटा करून राहायचीच. लँकेशायरच्या पावसात तो चेंडू पाणी पिऊन धोंडा होई, आणि धोंड्यावरची ती वादी कपाळावर बसली की चामडी फाटे. क्लेमने तो धोंडा डोक्यावर एकदाच घेतला होता, गिरणीच्या संघात होता तेव्हा, मिसरूड फुटायच्या वयात. डोळ्यांपुढे पांढरं झालं, जिभेवर लोखंडाची चव आली, आणि पुढे काही वेळ माणसांची तोंडं हलताना दिसत होती पण आवाज येत नव्हता. त्या दिवशी पोटात जे शिरलं ते पुन्हा निघालं नाही. चेंडू वरून येताना दिसला की त्याची मान आपोआप खांद्यांत जायची, कंबर वाकायची. पण बेट्याचं नशीब असं की भ्यायचासुद्धा तो देखणा. वाकायचा ते असं, की लोकांना वाटावं हा चेंडू मागच्यासाठी सोडतोय, केवढी ही हुशारी! "मॅच संपली तरी क्लेमचा भांग मोडत नाही," असं सारं क्रॉडशॉ प्रेमाने म्हणायचं. भांग का मोडत नाही हे त्याला एकट्यालाच माहीत होतं. ते बाहेर फुटेल या धास्तीने तो शुक्रवारी रात्री कूस बदलत पडायचा.

ह्यूबर्टचं उलट. खाणीतल्या माणसाचा मुलगा, उंच, संथ, सांगितलं ते खरं मानणारा. तोही आधी डोळे मिटायचा, सगळेच मिटतात. मग तो शनिवार आला. मॅचनंतर सगळे जण त्या मोठ्या सामायिक हौदात डुंबत होते. पाणी चिखलाने तपकिरी झालं होतं आणि एक सिगारेट ओठांओठांतून फिरत होती. गावच्या वर्तमानपत्राचा माणूस वाफेत टोपीसकट उभा राहून ह्यूबर्टला विचारत होता, एवढे चेंडू घेतोस, तुझं कपाळ कसं फुटत नाही बाबा? सगळे प्रश्न ह्यूबर्टला. त्या आठवड्याचे, त्याच्या आदल्या आठवड्याचेही. चेंडू कोणी पाठवला हे कोणी विचारत नव्हतं. साबणाचा फेस डोळ्यांत गेलेला क्लेम म्हणाला, "मी वादी पलीकडे ठेवून पाठवतो ना, म्हणून." हौदभर हसू उसळलं. थट्टा होती, तिथेच विरघळून जायची. सोमवारी ती जाड अक्षरांत छापून आली. हवेत चेंडू भोवऱ्यासारखा गरगरतो, वादी कुठे जाईल हे देवालाही ठाऊक नसतं, हे लाथ मारणाऱ्या प्रत्येकाला कळत होतं. पण वाचणाऱ्यांना ती गोष्ट आवडली, आणि आवडलेल्या गोष्टीला कोण तपासतो? त्या दिवशी सरावाहून परतताना बसमध्ये ह्यूबर्ट शेजारी बसला. तेव्हा खेळणारे नि बघणारे एकाच बसने घरी जायचे. त्याने घडी केलेलं वर्तमानपत्र मांडीवर ठेवलं आणि हळूच विचारलं, "खरंच रे?"

नाही म्हणायला काय लागलं असतं? क्लेम हा प्रश्न अनेक वर्षं उलटसुलट करत आला होता. अरे वेड्या, थट्टा केली, एवढं म्हटलं असतं की संपलं असतं. पण बसमधली माणसं वळून बघत होती, त्याच्याकडे, ह्यूबर्टकडे नव्हे. कोणीतरी मागून म्हणालं, हा खरा कारागीर. आणि क्लेमच्या मनात आलं, आता भांगाबद्दल कोणी बोलणार नाही. जो दुसऱ्याच्या कपाळाची इतकी काळजी घेतो तो स्वतःच्या कपाळाला भितो असं कोणाच्या मनातही येणार नाही. "मग काय, गंमत करतो होय?" तो म्हणाला. "तू फक्त डोळे उघडे ठेव. मी पाठवतोय ना." ह्यूबर्टने मान डोलावली आणि खिडकीबाहेर बघत राहिला, आपल्याला कोणी इतकं जपतं याचं नवल वाटल्यासारखा. पुढच्या शनिवारी त्याने डोळे उघडे ठेवले. ज्या चेंडूंपासून आजवर तो इंचभर मागे सरायचा त्यांच्यावर तो चाल करून गेला. गोल वाढले. एकदा तर इंग्लंडकडून बोलावणं आलं. मैदानात उतरण्याआधी, प्रेक्षागाराखालच्या त्या अंधाऱ्या बोळात, तो दर वेळी मागे वळायचा आणि क्लेम म्हणायचा, "डोळे उघडे ठेव. मी पाठवतोय ना." तसं म्हटलं नाही तर ह्यूबर्ट पाऊल उचलायचा नाही. बाकीचे हसायचे, "आटपलं का लग्न लावून?" क्लेमही हसायचा. एका पावसाळी दुपारी वादी बसलीच. ह्यूबर्टचं कपाळ भुवईपर्यंत फाटलं. कडेला बसवून टाके घातले, ओला स्पंज दाबला, आणि क्लेम तोंड कुठे लपवावं या विवंचनेत उभा असताना ह्यूबर्ट रक्तातून हसत म्हणाला, "तुझी चूक नाही रे. वाऱ्याने फिरला. मीच उशिरा उडालो." त्याने माफी मागितली. क्लेमची! आणि क्लेमने ती दिली. "असू दे, असू दे," असं त्याच्या पाठीवर थोपटत म्हणाला. आयुष्यात केलेल्या इतर साऱ्या गोष्टी एका बाजूला ठेवल्या तरी ते थोपटणं त्याच्या तळव्याला अजून आठवे. पुढे पुढे ह्यूबर्ट मॅचनंतर बसमध्ये गप्प बसू लागला, कधी उलटी करू लागला, कधी स्वतःचा थांबा विसरून पुढे जाऊ लागला, तेव्हा बस हसली आणि बसबरोबर क्लेमही हसला.

मग खेळ सुटला, क्लेमने दुकान घातलं, ह्यूबर्ट गिरणीत चौकीदार झाला. डॉक्टर म्हणायचा, काहींचा मेंदू लवकर म्हातारा होतो. चेंडूचं नाव तो घेत नसे, कोणीच घेत नसे. एकमेकांकडे जाणंयेणं होतं, गेल्या वर्षीपर्यंत. मग एके दिवशी क्लबात ह्यूबर्ट बिलियर्डच्या टेबलापाशी उभा होता. डाव ऐन रंगात असताना त्याने पांढरा चेंडू उचलला आणि तळव्यावर फिरवू लागला. वर, खाली, उलटा, सुलटा. खेळणारे ओरडले. त्याने मान वर केली ती क्लेमकडे. त्या गुळगुळीत पांढऱ्या गोळ्यावर तो काय शोधतोय हे तिथल्या एकाच माणसाला कळलं, आणि त्या माणसाने ग्लास अर्धा टाकून कोट घातला. तेव्हापासून क्लेम त्याला टाळत आला होता. कधी या फुटपाथवरून त्या फुटपाथवर, कधी चॅपेलच्या मागच्या दाराने. आज निदान काही नवं घडलं नाही, अशी स्वतःची समजूत घालायचा त्याने प्रयत्न केला. ती पटली नाही.

दुपारी त्याने दुकानाला कुलूप लावलं. गर्दी मैदानाकडे चालली होती आणि तो एकटा उलट दिशेने. "काय क्लेम, मैदान इकडे आहे," कोणीतरी ओरडलं. विनीच्या गल्लीत खरंच कुत्रंही नव्हतं. स्वयंपाकघरात शेगडी पेटलेली, टेबलावर पाव, उकडलेले बटाटे, बशीत दोन संत्री, आणि पलीकडे ह्यूबर्ट, मानेभोवती पंचा बांधलेला. किती वाळला होता! गालांची हाडं वर आली होती आणि कपाळ मात्र तेवढंच मोठं, त्यावर टाक्यांची ती पांढरी रेघ. क्लेमने वजडीचं पुडकं विनीच्या हातात दिलं. "वजडी?" ती म्हणाली. "तुला तर उमासे येतात ना तिचे?" तो म्हणाला, "तुमच्यासाठी." खोटं इतकं सहज निघालं की त्याला स्वतःचाच राग आला.

"हे बघ," विनी म्हणाली आणि तिने एक बटाटा ह्यूबर्टच्या हातात ठेवला. ह्यूबर्ट तो फिरवू लागला. अंगठ्याने चाचपत, डोळ्यांजवळ नेत, कधी कानाशी नेऊन. मग घाबऱ्या आवाजात विचारलं, "कुठल्या बाजूला आहे?" "काय रे, राजा?" विनी म्हणाली. "कुठल्या बाजूला आहे?" त्याने बटाटा खाली ठेवला, पंच्याने झाकला, आणि हात मांडीखाली दडवले. "सगळ्याचं असंच," ती क्लेमकडे वळली. "पाव दिला तर पाव, संत्रं तर संत्रं. कुठल्या बाजूला आहे म्हणतो. मी सांगते, खिडकी डावीकडे आहे, दार मागे आहे, मी इथे आहे. नाही पटत. आणि ते कळल्याशिवाय तोंडाला लावत नाही. दोन चमचे सूप, तेही रडून. क्लेम, काय शोधतो रे हा? तुम्ही इतकी वर्षं एकत्र होतात. खाणीतलं काही आहे का? मैदानातलं?"

छपरांवरून मैदानाचा आवाज आला, जमाव दम धरतो तेव्हाचा तो दबका घुमारा. इतका सोपा प्रश्न आपल्याला आयुष्यात कोणी विचारला नाही असं क्लेमला वाटलं. त्याने खुर्ची ओढली आणि ह्यूबर्टसमोर बसला. एक संत्रं उचललं, त्याच्या पुढे धरलं. "ह्यूबर्ट," तो म्हणाला. आवाज घोगरा निघाला, म्हणून पुन्हा म्हणाला, "ह्यूबर्ट. वादी पलीकडे आहे."

ह्यूबर्टने मान वर केली. त्या रिकाम्या डोळ्यांत, लांबच्या खोलीत कोणी दिवा लावावा तसं काहीतरी झालं. "पलीकडे?"

"पलीकडे."

"तू पाठवलास?"

"मी पाठवला. डोळे उघडे ठेव."

ह्यूबर्टने संत्रं घेतलं, फिरवलं नाही, आणि सालासकट चावा घेतला. रस हनुवटीवरून पंच्यात गळू लागला. तो हावऱ्यासारखा खात होता, उघड्या डोळ्यांनी, क्लेमकडे बघत. मग बटाटा आला, "वादी पलीकडे," मग पाव, "वादी पलीकडे." विनी मोरीकडे तोंड करून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. जरा वेळाने ती डोळे पुसून पुढे आली, दुसरा बटाटा धरून तिने स्वतः म्हणून पाहिलं, "वादी पलीकडे आहे, राजा." ह्यूबर्टने तिच्याकडे ओळख नसल्यासारखं पाहिलं आणि हात मागे घेतला. क्लेमने म्हटल्यावर घेतला. "म्हणजे तुलाच यावं लागेल," ती म्हणाली. "रोज." मग नळ सोडून, त्या आवाजाच्या आडून, तिने विचारलं, "मी गावभर ऐकलंय ते. पेपरात होतं. खरंच जमायचं तुला ते, क्लेम?"

इतक्या वर्षांत हे त्याला कोणी असं विचारलं नव्हतं. विचारणारे सगळे हो ऐकायलाच आलेले असत. "नाही," तो म्हणाला. "नाही, विनी. ते कोणालाच जमत नाही. चेंडू गरगर फिरतो. मी..."

"हळू बोल," विनी म्हणाली. "तो ऐकेल."

ती रागावली नव्हती. तिने नळ बंद केला, ओले हात पोटाशी पुसले, आणि तिच्या तोंडावर सकाळसारखंच, रागाला जागा नसलेलं काहीतरी होतं. क्लेमला वाटलं, तिने थोबाडीत मारावी. ती किटली शेगडीवर ठेवत होती. सोमवार टळणार होता, एवढंच तिला हवं होतं, आणि त्या सोमवारासाठी त्याने ते खोटं आता जन्मभर, रोज, चहाच्या वेळेला येऊन खरं ठेवायचं होतं. जे बोलण्यासाठी त्याने आताशी कुठे तोंड उघडलं होतं ते त्याला गिळावं लागलं.

तेवढ्यात मैदानावर गोल झाला. आरोळी छपरांवरून लोळत आली, खिडकीची तावदानं थरथरली, आणि ह्यूबर्ट उठून उभा राहिला. सरळ, खांदे मागे, पंचा गळ्यात तसाच. बशीतलं उरलेलं संत्रं त्याने उचललं. तो हसत होता. तोंडाला रस लागलेला, टाक्यांची रेघ ताणलेली, आणि एवढ्या महिन्यांनी नवरा हसतोय म्हणून विनीही हसू लागली. "आता तू घे," तो क्लेमला म्हणाला आणि त्याने संत्रं हलकेच वर फेकलं, लहान मुलाला फेकतात तसं, एका छोट्या कमानीत. क्लेमला ते येताना दिसलं. संत्रंच होतं. मान खांद्यांत गेली, कंबर वाकली, देखणी, अगदी पूर्वीसारखी. संत्रं त्याच्या भांगावरून गेलं, फडताळावर आपटलं, आणि एक बशी खाली पडून फुटली.

ह्यूबर्ट वाकलेल्या क्लेमकडे बघत राहिला. मग टेबलाला वळसा घालून आला, बशीच्या तुकड्यांतून संत्रं उचललं, बाहीला पुसलं, आणि क्लेमच्या पाठीवर हात ठेवून थोपटू लागला.

"असू दे, असू दे," तो म्हणाला. "घाबरलास होय? अरे लेका, वादी पलीकडेच होती." आणि दोन पावलं मागे सरून त्याने संत्रं पुन्हा हातात तोललं. "चल, परत. डोळे उघडे ठेव. मी पाठवतोय ना."

क्लेम सरळ उभा राहिला. डोळे काही त्याला उघडे ठेवता येईनात.